सुपुत्राच्या लेखात काय नसतं

काकांच्या घरी टीव्हीच्या वर, भिंतीवर, वर्तमानपत्राचं एक कात्रण डकवलेलं आहे. चिकटपट्टी पिवळी पडलीय, एक कोपरा सुटलाय. फोटोत निळ्या गणवेशातले एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी. मथळ्यात 'सुपुत्र' हा शब्द. माझ्या चुलतभावानं ते सप्टेंबर २०२१ मध्ये लावलं, तेव्हा तो दहावीत होता. आता एकोणीस वर्षांचा आहे. पहाटे चारला उठून नांदेड रोडवर पळतो, आणि अग्निवीरवायूच्या परीक्षेत दोनदा नापास झालाय.

आमचं गाव कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूरच्या बाजूला. चौधरींचं मूळ गाव हस्तरा, तालुका हदगाव. जिल्हा नांदेड असला तरी तालुके शेजारी आहेत, सोयरिकी इकडून तिकडे होतात. त्यामुळे त्या आठवड्यात आमच्याकडेही 'आपला माणूस' हेच चाललं होतं. मी पुण्यात होतो. लेख फॅमिली ग्रुपवर आला, मी 'अभिमानास्पद' लिहिलं, तिरंग्याचे तीन इमोजी टाकले आणि ऑफिसच्या ग्रुपवर पुढे ढकलला. वाचला नव्हता.

वाचला या दिवाळीत, टीव्हीसमोर उभा राहून. भाऊ बाहेर बूट धूत होता. आणि वाचताना मला सवयीप्रमाणे एक चाळा सुचला. माझं काम दुसऱ्यांचा कोड तपासण्याचं आहे. कोड वाचताना मी आधी पाहतो की कोण काय करतंय. म्हणून लेखातली क्रियापदं मोजली. निवड झाली. नियुक्ती झाली. गौरवण्यात आलं. पदोन्नती मिळाली. जबाबदारी सोपवण्यात आली. पदभार स्वीकारला. अख्ख्या लेखात त्या माणसानं स्वतःहून केलेली गोष्ट एकच, विमानं उडवली. बाकी सगळं त्याला होत गेलं, जसा पाऊस होतो.

पुढे मी असे आणखी लेख शोधून वाचले. फक्त त्यांच्यावरचे नाहीत, एकूणच मोठ्या हुद्द्यावर पोचलेल्या सैनिकी अधिकाऱ्यांवरचे मराठी लेख. साचा एकच. हवाई दलाच्या मुख्यालयातून आलेली प्रेस नोट, तिच्या डोक्यावर गाव आणि शेपटीला 'शिरपेचात मानाचा तुरा'. प्रेस नोटमधली माहिती खरी असते. २९ डिसेंबर १९८२ ला लढाऊ वैमानिक म्हणून दाखल, ३,८०० तासांहून जास्त उड्डाण, मिग-२१, मिग-२३, मिग-२९, सुखोई-३०, ऑपरेशन मेघदूत, ऑपरेशन सफेद सागर, मग पश्चिम विभागाचे प्रमुख, उपप्रमुख, प्रमुख. यातलं एकही खोटं नाही. पण ही यादी आहे, आणि यादीला आपण चरित्र म्हणून भिंतीवर लावतोय.

माझा आक्षेप कौतुकाला नाही. आपल्या भागातला माणूस हवाई दलाचा प्रमुख होतो याचं कौतुक व्हायलाच हवं, त्याच्या आधी मराठी नावं तरी किती होती? मुळगावकर, टिपणीस, नाईक. मराठवाड्यातून तर कुणीच नाही. आक्षेप असा की या लेखात त्या माणसाला ठरवायचं काय होतं हे येत नाही. आणि हवाई दलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं आयुष्य म्हणजे दुसरं काय असतं? पन्नाशीनंतर तो विमान क्वचितच उडवतो. तो ठरवतो. आणि त्याचे परिणाम खाली, जमिनीवरच्या माणसांवर पडतात.

*

हे मला एका इंग्रज माणसाच्या कारकिर्दीवरून नीट कळलं. त्याचं नाव थॉमस एल्महर्स्ट. त्याचीही यादी आहे. जन्म १८९५, यॉर्कशर. १९०८ मध्ये ब्रिटिश आरमारात कॅडेट. पहिल्या महायुद्धात हवेत तरंगणाऱ्या एअरशिपवर, मग रॉयल एअर फोर्समध्ये. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात, इंधन-सुटे भाग-माणसं वेळेवर पुढे सरकवणारा प्रशासक. १९४७ ते १९५० स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचा पहिला सरसेनापती. शेवटी गर्न्सी बेटाचा लेफ्टनंट गव्हर्नर. त्याचा सख्खा भाऊ लिओनार्ड टागोरांच्या सोबतीनं श्रीनिकेतन उभं करणारा, पण तो वेगळा लेख होईल.

'१९४७ ते १९५०' ही एक ओळ घ्या. यादीत ती नेमणूक आहे. पण तिच्या आत एक अट दडलेली आहे. हे पद स्वीकारताना एल्महर्स्टनं अट घातली की हवाई दल लष्कराच्या हाताखाली राहणार नाही, ते स्वतंत्र दल असेल, त्याचा स्वतःचा सरसेनापती असेल. सरकारनं ती मानली. आज दिल्लीत लष्कर, नौदल आणि हवाई दल यांचे तीन प्रमुख एका रांगेत बसतात, त्यामागे ही अट आहे. १ एप्रिल १९५४ ला सुब्रतो मुखर्जी पहिले भारतीय प्रमुख झाले, तेव्हा ते स्वतंत्र दलाचे प्रमुख झाले, लष्कराच्या एका शाखेचे नाही.

त्याच ओळीच्या आत सप्टेंबर १९४८ पण आहे. १३ तारखेला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. दर १७ सप्टेंबरला शाळेत झेंडा लावून आम्हाला जो मुक्तिसंग्राम सांगितला जातो तो हाच. त्या पाच दिवसांत वर टेंपेस्ट विमानं होती आणि त्या हवाई दलाचा प्रमुख हा इंग्रज होता. निजामाच्या नावापुढे इंग्रजांनीच 'विश्वासू दोस्त' लावलं होतं हे लक्षात घेतलं की गंमत कळते. १९१८ साली निजामाच्या पैशातून ब्रिटिशांच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला डीएच-९ए जातीची बॉम्बफेकी विमानं मिळाली. त्यातलं एक, जर्मनांनी उतरवलेलं, लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये उभं आहे, अंगावर निजामानं भेट दिल्याचा मजकूर घेऊन. हिंगोली तेव्हा निजामाच्याच राज्यात, परभणी जिल्ह्यात. निजामाच्या तिजोरीत पैसा मुख्यतः शेतसाऱ्यातून यायचा. तेव्हा त्या विमानाच्या एखाद्या तारेत, एखाद्या खिळ्यात आमच्या खापरपणज्याची ज्वारी असणार असं मी धरून चालतो. म्युझियमच्या पाटीवर तेवढं लिहायला जागा नसेल.

आमची आज्जी तेव्हा दहाएक वर्षांची. रझाकारांच्या भीतीनं घरातल्या बायका-पोरांना पैनगंगेपलीकडे उमरखेडला नेलं होतं. ती बाजू निजामाची नव्हती. आज्जीला तारखा माहीत नाहीत. तिला एवढंच आठवतं की इमानाचा आवाज आला आणि तिच्या मायनं तिला हौदाच्या भिंतीमागं दाबून धरलं.

"आपलं होतं का त्यायचं, कसं कळावं लेकरा? वरून जाणारं समदं सारखंच दिसतंय," ती म्हणाली.

एल्महर्स्टच्या यादीतल्या एका ओळीत आमची आज्जी हौदामागे बसलेली आहे. मला वाटतं, या लोकांची चरित्रं हौदामागूनही वाचून पाहावीत.

*

आता टिपणीस. एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस, प्रमुखपद १९९८ च्या अखेरीपासून २००१ च्या अखेरीपर्यंत. म्हणजे कारगिल त्यांच्या काळातलं. निवृत्तीनंतर, २००६ मध्ये, त्यांनी 'फोर्स' या इंग्रजी मासिकात सफेद सागरची हकिगत स्वतःच्या शब्दांत लिहिली. मे १९९९ मध्ये लष्कराला सशस्त्र हेलिकॉप्टरं हवी होती. टिपणीसांचं म्हणणं होतं की एवढ्या उंचीवर ती शत्रूच्या टप्प्यात अलगद येतील, आणि हवाई दल वापरायचं तर आधी सरकारची परवानगी हवी, कारण विमान सीमेवर गेलं की भांडणाची जात बदलते. यावरून दोन मुख्यालयांत जे झालं ते त्यांनी मोकळेपणानं मांडलं. त्याच वर्षी तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मलिक यांचं कारगिलवरचं पुस्तक आलं, त्यात याच दिवसांची वेगळी बाजू आहे.

कोण बरोबर हे ठरवणं माझ्या आवाक्यात नाही. पण वाचक म्हणून मला तो लेख आवडतो, कारण त्यात माणूस अडलेला दिसतो. त्याला दोन वाटा आहेत, दोन्ही वाईट, आणि घड्याळ चाललंय. २५ मे ला सरकारनं परवानगी दिली, २६ ला हल्ले सुरू झाले. २७ ला दोन लढाऊ विमानं गेली. २८ ला एक एमआय-१७ हेलिकॉप्टर क्षेपणास्त्रानं पाडलं गेलं, आतले चौघेही गेले. त्यानंतर हल्ल्यासाठी सशस्त्र हेलिकॉप्टरं वापरणं थांबलं.

त्या चौघांत दोन अधिकारी होते आणि दोन सार्जंट, प्रसाद आणि साहू. सार्जंट म्हणजे एअरमन. माझा भाऊ ज्या दारातून आत जायला धडपडतोय त्याच दारातून आत गेलेली माणसं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं बूट बाजूला ठेवून विचारलं, "म्हणजे एअरमन पण हेलिकॉप्टरमध्ये असतात का रे दादा?" चार वर्षं तयारी करणाऱ्या मुलाला हे माहीत नव्हतं. त्याच्या अकॅडमीत सोळाशे मीटर, गणित, रीझनिंग आणि इंग्रजी शिकवतात.

टिपणीसांचा लेख इंग्रजीत आहे. मुळगावकरांचं आत्मचरित्र 'लीडिंग फ्रॉम द कॉकपिट' इंग्रजीत आहे. हृषीकेश मुळगावकर १९४० साली, इंग्रजांच्या काळातच हवाई दलात आले, १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात महावीरचक्र मिळवलं, १९७६ ते ७८ प्रमुख होते आणि २०१५ मध्ये पुण्यात वारले. त्यांच्या एका आयुष्यात इंग्रजांचं दलही आहे, एल्महर्स्टचंही आणि आपलंही. मराठीत काय आहे? लष्करापुरतं मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी 'डोमेल ते कारगिल' आणि 'न सांगण्याजोगी गोष्ट' लिहून दाखवलं की युद्धाचे निर्णय, चुकांसकट, मराठीत नीट मांडता येतात. हवाई दलाच्या वाट्याला तुरा आणि शिरपेच. निर्णय इंग्रजीत आणि अभिमान मराठीत, अशी ही वाटणी झालेली आहे, आणि कळमनुरी तालुक्यातल्या मुलापर्यंत फक्त दुसरा हिस्सा पोचतो.

*

म्हणून चौधरींच्या यादीकडे परत येतो आणि फक्त तारखा शेजारी शेजारी ठेवतो.

१ जुलै २०२१: चौधरी हवाई दलाचे उपप्रमुख होतात. २ जुलै २०२१: तिन्ही दलांचे प्रमुख, जनरल बिपीन रावत, एका कार्यक्रमात म्हणतात की हवाई दल हे तोफखान्यासारखं किंवा इंजिनिअरांसारखं लष्कराला साहाय्य करणारं अंग आहे. म्हणजे एल्महर्स्टनं १९४७ मध्ये अट घालून जे मिटवलं होतं तेच पुन्हा उघडं पडलं. तेव्हाचे प्रमुख भदौरिया यांनी त्याच दिवशी जाहीरपणे ते खोडून काढलं. ३० सप्टेंबरला चौधरी प्रमुख होतात. ८ डिसेंबरला जनरल रावत कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर कोसळून जातात, आणि ते हेलिकॉप्टर हवाई दलाचं असतं. चौकशीचं काम हवाई दलाच्याच एका एअर मार्शलकडे जातं.

विचार करा. पदावर येऊन सत्तर दिवस झालेत. ज्यांच्याशी आपल्या दलाचा एवढा मोठा मतभेद चालू आहे ते आपल्या हेलिकॉप्टरमध्ये गेलेत. देश टीव्हीसमोर आहे, अफवा सुटल्यात. तिथे या माणसानं काय केलं, कुणाला आधी फोन केला, त्या रात्री झोप लागली का? यातलं एक वाक्यही आपल्या भाषेत नाही. मार्च २०२२ मध्ये आपलं एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात जाऊन पडलं, ऑगस्टमध्ये हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. तेही याच कारकिर्दीत. त्याच वर्षी हवाई दल दिनाआधीच्या पत्रकार परिषदेत चौधरींनी थिएटर कमांडबद्दल भूमिका घेतली, की एकत्र येण्याच्या प्रक्रियेला विरोध नाही पण रचनेबद्दल शंका आहेत. हे वाक्य एल्महर्स्टच्या अटीला थेट जाऊन मिळतं. हस्तऱ्याच्या माणसानं पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजाचा युक्तिवाद नव्या शब्दांत चालवला, ही केवढी बातमी आहे! आणि आपण लिहिलं काय, तर गावात पेढे वाटले.

(पेढे वाटावेतच. मलाही आवडतात.)

आणि मग १४ जून २०२२. संरक्षणमंत्र्यांच्या शेजारी तिन्ही दलांचे प्रमुख बसलेत, त्यात चौधरी आहेत, आणि अग्निपथ योजना जाहीर होते. चार वर्षं नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलं कायम. योजना सरकारची, एकट्या हवाईदल प्रमुखाची नव्हे, हे उघड आहे. पण व्यासपीठावर भिंतीवरचा माणूस होता. हवाई दलाकडे पहिल्या भरतीला ७,४९,८९९ अर्ज आले. आधीचा उच्चांक ६,३१,५२८ होता. घेतले सुमारे ३,०००. पहिली तुकडी डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावच्या सांब्र्याला प्रशिक्षणाला लागली, तिची चार वर्षं २०२६ च्या शेवटी भरतात.

मी भावाला विचारलं, त्या पत्रकार परिषदेत हे होते, तुला माहीत आहे का? त्यानं कात्रणाकडे पाहिलं. माहीत होतं. "त्यांच्या हातात काय असणार," म्हणाला. हे त्याचं मत झालं, आणि कदाचित बरोबरही असेल. पण प्रमुखाच्या हातात काय असतं आणि काय नसतं हे कुठं वाचून तो ठरवणार? त्याच्याकडे तर कात्रण आहे, आणि कात्रणात माणसाला हातच नाहीत.

*

आता जे मला खरं टोचलं ते सांगतो.

चौधरी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे खडकवासल्याच्या एनडीएतून हवाई दलात गेले. कात्रणात हे आहे, एका ओळीत. पण एनडीए आणि अग्निवीरवायू या दोन वेगळ्या शिड्या आहेत. पहिल्या शिडीनं गेलेला अधिकारी होतो. दुसऱ्या शिडीनं गेलेला, चार वर्षांनंतर टिकलाच तर, एअरमन म्हणून सार्जंट, वॉरंट ऑफिसर असा वर जातो. त्यातही मान आहे, कौशल्य आहे, प्रसाद आणि साहू आहेत. पण भिंतीवरचं पद त्या शिडीच्या टोकाला नाही. चुलतभाऊ चार वर्षं एका शिडीचा फोटो बघत दुसऱ्या शिडीवर चढायचा प्रयत्न करतोय, आणि घरात कुणाला हा फरक माहीत नव्हता.

आमच्या मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरला, राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, १९७७ पासून. मुलांना अकरावी-बारावीत एनडीएसाठी तयार करते. तिची प्रवेश परीक्षा मुलं दहावीत असताना देतात. सप्टेंबर २०२१ मध्ये माझा भाऊ दहावीत होता. लेख बरोबर त्याच वर्षी त्याच्या हातात पडला. लेखात मिग होते, पदकं होती, तुरा होता. ही एक ओळ नव्हती.

यात मी वर्तमानपत्राला एकट्याला धरत नाही. मला ती संस्था माहीत होती. मी स्वतः इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला हवाई दलाच्या मुलाखतीला जाऊन पहिल्याच दिवशी दुपारी परत आलेला माणूस आहे. तिथे माझ्या खोलीतली दोन मुलं त्याच संस्थेतली होती, आणि ती किती निवांत बोलत होती हे अजून आठवतं. मीही भावाला फोन केला नाही. इमोजी पाठवले.

चौधरी ३० सप्टेंबर २०२४ ला निवृत्त झाले. टिपणीसांना लिहायला पाच वर्षं लागली, मुळगावकरांना तीस. चौधरी लिहितील तेव्हा कदाचित इंग्रजीतच लिहितील. मला त्यात हस्तऱ्याचं प्रकरण नको आहे, ते आपल्याकडे भरपूर लिहून झालंय. मला ८ डिसेंबरची रात्र हवी आहे. १४ जूनच्या आधीच्या बैठका हव्या आहेत, आणि त्या खुर्चीवर बसताना त्यांच्या मनात हदगाव-कळमनुरीच्या रस्त्यावर पळणारी पोरं आली होती का, हे. आली नसतील तर तसंही लिहावं.

निघताना भावाची धाकटी बहीण दारात उभी होती. ती यंदा नववीत आहे. मुलींना एनडीए २०२२ पासून उघडी झाली आणि नाशिकला मुलींसाठीही तशीच सरकारी संस्था निघाली आहे. तिला अर्ज कधी निघतो, परीक्षेत काय असतं, सगळं कागदावर लिहून दिलं. तिनं तो कागद दोनदा वाचला.

"दादा, हे भिंतीवर लावू?"

"नको. दप्तरात ठेव."

तिनं तरी लावलाच. भावानं कात्रण थोडं वर सरकवून तिला जागा करून दिली, आणि सुटलेला कोपरा नव्या पट्टीनं चिकटवला.